यंत्राने वाट कशी पाहावी

विहिरीच्या काठावरील स्टार्टरच्या पेटीत, इमारतीच्या लिफ्टमध्ये, रुग्णालयातील सलाइनच्या पंपात आणि चौकातील सिग्नलमध्ये आज जे इवलेसे संगणक मूकपणे आपला कारभार हाकीत आहेत, त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग केवळ वाट पाहण्यात जातो, ही गोष्ट त्यांच्यावर विसंबणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात येत असेल. मोटार सुरू करण्याचा हुकूम देण्यास मायक्रोकंट्रोलरला सेकंदाचा लक्षांशही पुरतो. परंतु वीज आल्यावर दोन मिनिटे थांबावयाचे, ठिबकचा एक व्हॉल्व्ह पाऊण तास उघडा ठेवावयाचा, तो मिटवून दुसरा उघडावयाचा आणि रात्रीच्या पाळीत हाच क्रम पुन्हा चालवावयाचा, या साऱ्या व्यवहारात काम क्षणाचे आणि प्रतीक्षा तासांची असते. म्हणूनच माझे असे निश्चित मत झाले आहे की, एखादे यंत्र विश्वासास पात्र आहे किंवा नाही याची परीक्षा ते काम कसे करते यावरून जितकी होते, त्याहून अधिक ते वाट कशी पाहते यावरून होते. आणि आपल्या शाळा, तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये वाट पाहण्याची जी रीत विद्यार्थ्यांच्या हाती प्रथम देतात आणि पुढे बहुधा कधीच दुरुस्त करीत नाहीत, ती रीत सदोष आहे.

२००५ साली इटलीतील इव्रेआ या गावच्या एका संस्थेत आर्डुइनो नावाच्या बोर्डाचा जन्म झाला, आणि ज्यांनी कधी इलेक्ट्रॉनिक्सचे पुस्तक उघडले नव्हते अशा कलावंतांना, शिक्षकांना आणि शाळकरी मुलांनाही यंत्राशी संवाद साधण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. या बोर्डाचे उपकार थोर आहेत, यात संशय नाही. त्याच्यासाठी विद्यार्थी जो पहिला प्रोग्राम लिहितो, तो एक दिवा एक सेकंद लावून एक सेकंद विझविण्याचा असतो, आणि त्यातील तो एक सेकंद ‘डिले’ या आज्ञेने साधला जातो. एक हजार मिलिसेकंद थांब, एवढेच त्या आज्ञेचे म्हणणे. दिवा लुकलुकतो, विद्यार्थ्याचा चेहरा उजळतो, आणि यंत्राला थांबविण्याची रीत हीच, असा ग्रह त्याच्या मनात कायमचा रुजतो.

या आज्ञेचा अंमल सुरू असताना आत काय घडते, हे पाहिले पाहिजे. आर्डुइनो उनो या बोर्डावरील एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर सेकंदाला १ कोटी ६० लक्ष ठोक्यांच्या गतीने चालतो. आणि डिलेच्या काळात हे सारे सामर्थ्य ‘मुदत संपली काय’ हा एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारण्यात खर्ची पडते. मुदत संपेपर्यंत मुख्य प्रोग्रामातील दुसरी एकही ओळ चालत नाही. इंटरप्टच्या वाटेने येणारे तातडीचे संकेत तेवढे आत घेतले जातात. परंतु त्यांच्यावर पुढील कार्यवाही करणारा कारभारी जागेवर नसल्यामुळे ते दप्तरात पडून राहतात. मोबाइलच्या मॉड्यूलकडून आलेला संदेश ज्या तात्पुरत्या जागेत साठतो, ती या बोर्डावर अवघी ६४ बाइटांची आहे. वाट पाहण्याच्या काळात संदेश त्याहून लांब आला, तर त्याचा उरलेला भाग नष्ट होतो, आणि मुदतीनंतर जाग्या झालेल्या प्रोग्रामाच्या हाती अर्धवट हुकूम पडतो.

याचा अर्थ महाराष्ट्रातील शेतकऱ्याला निराळा समजावून सांगावा लागणार नाही. कृषिपंपांना वीज पाळीने मिळते, आणि ती अपरात्री आली तरी पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून असंख्य शेतकऱ्यांनी स्टार्टरला ‘ऑटो’ जोडलेला असतो. विजेवर चालणारी मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. सबब वीज येताच एका रोहित्रावरचे सारे पंप एकाच क्षणी सुरू झाले, तर तो भार रोहित्राला झेपत नाही आणि ते जळते, व ऐन हंगामात सगळ्या शिवाराचे पाणी तुटते. वीज वितरण कंपनी ऑटो काढून टाकण्याचे आवाहन वारंवार करते ते याच कारणास्तव. आता यावर एक सुबुद्ध तोड अशी आहे की, प्रत्येक पंपाने वीज आल्यावर निरनिराळ्या कालावधीपर्यंत, कोणी एक मिनिट, कोणी चार, कोणी नऊ, असे थांबावे, म्हणजे भार हळूहळू चढत जाईल. मायक्रोकंट्रोलरला हे सहजसाध्य आहे. परंतु त्या नऊ मिनिटांत तीनपैकी एक फेज गेला, विजेचा दाब घसरला, किंवा शेतकऱ्याने बांधावरून येऊन बंद करण्याचे बटण दाबले, तर डिलेमध्ये अडकलेल्या यंत्राला त्याचा पत्ताही नसतो. नऊ मिनिटे पूर्ण होताच, परिस्थिती पालटली आहे याची कसलीही दखल न घेता, ते मोटार सुरू करते. पंप सुरू झाल्यानंतरचा प्रकार याहून गंभीर आहे. पाऊण तासाच्या पाळीत विहिरीचे पाणी विसाव्या मिनिटालाच आटले आणि पंप कोरडा फिरू लागला, तर पाऊण तासाचा डिले पूर्ण होईपर्यंत ती मोटार वाचविणारा कोणी नाही. मोटार पुन्हा भरून घेण्याचा खर्च आणि त्या काळात सुकणारे पीक, यांचा हिशेब मग त्या एका ओळीच्या माथी लिहावा लागतो.

जुन्या काळी लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडीत. बुडाशी सूक्ष्म छिद्र असलेली ती वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली, असे समजत. त्या वाटीपाशी लक्ष ठेवण्यास एक माणूस बसे, हे योग्यच होते. पण मांडवातील यच्चयावत माणसे, आचारी, वाढपी, वऱ्हाडाची उठबस करणारे कारभारी, वाटी बुडेपर्यंत डोळे लावून तिच्याभोवती बसून राहिली असती, तर ते लग्न पार पडले नसते. डिले ही आज्ञा संपूर्ण मांडवाला वाटीभोवती बसविते. मायक्रोकंट्रोलरमध्ये वाटीचे काम करणारा टाइमर हा स्वतंत्र घटक मुळातच असतो, आणि मुख्य प्रोग्राम कोणत्याही कामात गुंतलेला असला तरी तो आपले मोजणे चालूच ठेवतो. तेव्हा प्रोग्रामाने करावयाचे ते इतकेच की, काम सुरू झाल्याची वेळ नोंदवून ठेवावी, इतर साऱ्या कामांवरून नजर फिरवीत राहावे, आणि प्रत्येक फेरीत आताच्या वेळेतून नोंदलेली वेळ वजा करून मुदत भरली की नाही ते पाहावे. फेरी मिलिसेकंदाच्या आत पूर्ण होते. त्यामुळे बटण, फेज, पाण्याची पातळी आणि आलेला संदेश यांपैकी कोणालाही ताटकळावे लागत नाही.

ही रीत नवी नाही, आणि गूढ तर मुळीच नाही. आर्डुइनोच्या सोबत मिळणाऱ्या नमुन्यांतच डिलेशिवाय दिवा लुकलुकविण्याचा प्रोग्राम आहे. सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद लोटले ते सांगणारी ‘मिलिस’ ही सोय त्यासाठीच आहे. परंतु जो प्रोग्राम वरून खाली गोष्टीसारखा वाचता येत असे, तो आता स्थितींच्या रूपाने मांडावा लागतो: यंत्र थांबले आहे, वीज स्थिर होण्याची वाट पाहत आहे, पहिला व्हॉल्व्ह उघडा आहे, दोष आढळून तहकूब आहे. कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत कशामुळे जावयाचे, हे आधी कागदावर निश्चित करावे लागते. विद्यार्थ्यांना हे जड जाते, अशी तक्रार काही शिक्षक करतात. माझे म्हणणे असे की, जड जाते ते विचार करणे होय, आणि तोच तर शिक्षणाचा विषय आहे. ज्याने या चार स्थितींचे चित्र काढले, त्याला विहीर आटल्यास काय करावयाचे हा प्रश्न टाळताच येत नाही; ज्याने डिले लिहिला, त्याच्यापुढे तो प्रश्न उभाच राहत नाही.

दीर्घ प्रतीक्षेच्या वाटेत आकड्यांचेही खळगे आहेत. उनोवर साधा पूर्णांक १६ द्विअंकी स्थानांचा असतो आणि ३२,७६७ च्या पलीकडे जात नाही. एक मिनिटाचा डिले म्हणून विद्यार्थी ‘६० गुणिले १०००’ असे लिहितो. उत्तर त्या मर्यादेत मावत नाही, ते उणे ५,५३६ होऊन बसते, आणि डिलेला ऋण काळ ठाऊक नसल्याने त्याचा अर्थ ४२९ कोटींहून अधिक मिलिसेकंद, म्हणजे सुमारे ४९ दिवस, असा केला जातो. उलट पाऊण तासासाठी ‘४५ गुणिले ६० गुणिले १०००’ असे लिहिले, तर उरते १३,०२४, आणि व्हॉल्व्ह तेरा सेकंदांतच मिटतो. कंपाइलर फार तर इशारा देतो. हुकूम नाकारीत नाही. हे संख्यांचे स्वरूप ज्याला माहीत आहे तो अंकापुढे ‘यूएल’ ही दोन अक्षरे लावून मोकळा होतो. ज्याला माहीत नाही, तो रात्रभर तारा तपासीत बसतो.

मिलिसचा गणकही ३२ स्थानांचा असल्यामुळे ४९ दिवस १७ तासांनी तो भरून पुन्हा शून्यावर येतो, आणि या गोष्टीची अनाठायी भीती सर्वत्र पसरलेली आहे. ‘सुरुवातीची वेळ अधिक मुदत’ अशी बेरीज करून आताची वेळ तिच्यापुढे गेली काय असे विचारणारा प्रोग्राम त्या दिवशी अवश्य चुकतो. परंतु ‘आताची वेळ उणे सुरुवातीची वेळ’ ही वजाबाकी, संख्या चिन्हरहित ठेवल्यास, त्याच ३२ स्थानांच्या वर्तुळात होत असल्याने गणक मध्येच शून्यावर आला तरी उत्तर बिनचूक देते. एका वजाबाकीने जे साधते, त्यासाठी दर महिन्यास यंत्र बंद करून सुरू करण्याचा शिरस्ता काही ठिकाणी पाळला जातो, हे खेदकारक आहे. मोठमोठ्या उद्योगांनाही हा खळगा चुकलेला नाही. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांविषयी असे फर्मान काढले की, त्यांचा वीजपुरवठा २४८ दिवस अखंड चालू राहिल्यास जनित्रांची नियंत्रक एककेच एका गणकाच्या ओव्हरफ्लोमुळे एकदम सुरक्षित स्थितीत जाऊन विमानाची वीज जाऊ शकते, म्हणून ठराविक काळाने ती बंद करून सुरू करावीत. सेकंदाच्या शतांशांनी मोजणारा ३१ स्थानांचा गणक भरण्यास बरोबर तितकेच दिवस लागतात. तेव्हा दीर्घ काळ चालणाऱ्या यंत्राची चाचणी घेताना गणक मुद्दाम भरण्याच्या बेतात आणून ठेवावा आणि पुढे काय होते ते पाहावे, ही खबरदारी विद्यार्थिदशेतच अंगी बाणली पाहिजे.

ज्यांना वाटते की ही सारी मातब्बर संगणकांची चैन आहे आणि लहान यंत्राला ती परवडणार नाही, त्यांनी चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानाच्या संगणकाकडे पाहावे. त्याची लिहिता-पुसता येणारी स्मृती केवळ २,०४८ शब्दांची होती. आज पाचवीतील मुलाच्या हाती येणाऱ्या उनोची २,०४८ बाइटांची आहे, म्हणजे दोघांची ऐपत एकाच श्रेणीची. परंतु मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेतील हॅल लॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तुटपुंज्या जागेतही असा बंदोबस्त केला होता की, कोणतेही काम वाट पाहण्याच्या निमित्ताने संगणक अडवून ठेवू शकत नसे. अमुक वेळाने करावयाचे छोटे काम ‘वेटलिस्ट’ या यादीत नोंदविले जाई आणि संगणक दुसरीकडे वळे; या यादीची मर्यादा १६२.५ सेकंदांची असल्याने त्याहून दीर्घ प्रतीक्षेसाठी ‘लाँगकॉल’ ही स्वतंत्र तजवीज होती. २० जुलै १९६९ रोजी यान उतरत असताना एका रडारच्या अनाहूत संकेतांनी संगणकाचा बहुमोल वेळ खाल्ला आणि १२०२ व १२०१ हे धोक्याचे इशारे उमटले, तेव्हा त्या व्यवस्थेने गौण कामे बाजूस सारून यान सांभाळण्याचे मुख्य काम चालू ठेवले. अर्धशतकापूर्वी, तितक्याच साधनांत, माणसांचे प्राण पणास लागले असताना जे साधले, ते ठिबकच्या व्हॉल्व्हसाठी अवघड आहे, असे म्हणण्यास आपणास मुभा नाही.

प्रतीक्षा तासांवरून दिवसांवर गेली की आणखी एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो आपल्या मुलखात तर रोजचाच आहे: मध्येच वीज गेली तर? मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू झाल्यावर मिलिस शून्यापासून मोजू लागतो, आणि सहा तासांपैकी पाच तास पूर्ण झालेली पाळी पहिल्यापासून आरंभ होते. उरलेला काळ दर सेकंदास कायमच्या स्मृतीत लिहीत राहणे हा उपाय घातक आहे. कारण या मायक्रोकंट्रोलरच्या ईईप्रॉममधील एका घराला एक लक्ष लेखनांचीच हमी असते, आणि ती सव्वा दिवसाच्या आतच संपून जाते. शिवाय बोर्डावरील ठोक्यांची गती हजारात एका भागानेही चुकली, तरी दिवसाला ८६ सेकंदांचा फरक पडतो. खरा उपाय असा की, डीएस३२३१ सारखे नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारे घड्याळ, जे सामान्य तापमानात वर्षाला सुमारे एक मिनिटाहून अधिक चुकत नाही, सोबत ठेवावे. पाळी सुरू झाल्याची तारीख व वेळ एकदाच नोंदवावी. आणि वीज परत आल्यावर त्या दस्तऐवजावरून किती मुदत उरली, विजेविना गेलेला काळ पाळीत धरावयाचा की वगळावयाचा, हे ठरवून पुढील कार्यवाही करावी. येथेही तत्त्व तेच आहे: काळ मोजण्यात स्वतःस गुंतवू नये, काळाची नोंद ठेवावी.

डिले सर्वस्वी त्याज्य आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. अंतर मोजणाऱ्या ध्वनिसंवेदकाला दहा मायक्रोसेकंदांचा संकेत द्यावयाचा असेल, तर तेवढ्यासाठी स्थितींचा व्याप मांडणे अनाठायी ठरेल. ज्या यंत्राला एकच काम आहे आणि वाट पाहताना कोणाचेही ऐकावयाचे नाही, त्याचेही डिलेने काही बिघडत नाही. फक्त ते बॅटरीवर चालत असेल, तर त्याने डिलेऐवजी निद्रावस्थेत जाऊन वेळ झाल्यावर जागे व्हावे, म्हणजे बॅटरी महिनोन्‌महिने पुरेल. परंतु तापमान मोजणाऱ्या डीएस१८बी२० या संवेदकाला पूर्ण अचूक मोजणीसाठी जे ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढ्याही अवधीत मोटारीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राने निष्क्रिय राहणे मला मान्य नाही. काहीजण यावर फ्रीआरटीओएस सारख्या व्यवस्थेकडे बोट दाखवितात. तिच्यात प्रत्येक काम निराळे असते आणि थांबण्याची आज्ञा केवळ त्या कामापुरती लागू होते. ही व्यवस्था उत्तम आहे; पण प्रत्येक कामाला तिच्यात स्वतंत्र स्मृती द्यावी लागते, आणि दोन हजार बाइटांच्या संसारात ती फार महाग पडते. ईएसपी३२ सारख्या प्रशस्त बोर्डावर ती आयती मिळते खरी. परंतु विद्यार्थ्याने पंप, बटण आणि संदेश यांचा कारभार एकाच कामात कोंबून मध्येच डिले लिहिला, तर तेथेही तोच अनर्थ ओढवतो. साधन बदलल्याने वृत्ती बदलत नाही.

‘वॉचडॉग’ या पहारेकऱ्याचा जो दुरुपयोग होतो, त्यातून ही वृत्ती सर्वात स्पष्ट दिसते. प्रोग्राम कोठे अडकला आणि ठराविक मुदतीत हजेरी लावली नाही, तर यंत्र नव्याने सुरू करावे, यासाठी तो नेमलेला असतो. उनोवर त्याची कमाल मुदत सुमारे आठ सेकंदांची आहे. दहा मिनिटांच्या डिलेशी त्याचे जमत नाही, म्हणून कोणी पहारेकऱ्यालाच काढून टाकतो, तर कोणी दहा मिनिटांचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्यानंतर त्याच्यापुढे खोटी हजेरी लावतो. काहीही न पाहता ‘सर्व आलबेल’ असा जबाब देणारा प्रोग्राम हा पहारा नसल्यापेक्षाही अधिक धोक्याचा, कारण तो मालकाला निर्धास्त करतो.

माझे आवाहन तीन ठिकाणी आहे. पहिले शिक्षकांना: दिवा लुकलुकविण्याचा पहिला धडा अवश्य डिलेने शिकवा, मुलांचा तो आनंद हिरावून घेऊ नका, परंतु दुसऱ्याच धड्यात त्या दिव्याशेजारी एक बटण जोडा, ते वेळीच का ऐकले जात नाही हा प्रश्न मुलांनाच पडू द्या, आणि वेळ नोंदवून पुढे जाण्याची रीत तेथेच शिकवा. दुसरे परीक्षकांना: प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थी ठरलेला क्रम दाखवील, तो पाहून गुण देऊ नका, यंत्र वाट पाहत असताना तुमच्या हाताने बंदचे बटण दाबा, एक तार सोडवा, वीज घालवून परत आणा, आणि मग गुणांचा विचार करा. तिसरे आवाहन अशा पेट्या बनविणाऱ्या लहान कारखानदारांना आणि त्या विकत घेणाऱ्या शेतकऱ्यांना आहे: देणाऱ्याने ही परीक्षा दुकानात करून दाखवावी, आणि घेणाऱ्याने ती पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. जे यंत्र वाट पाहताना मालकाचे ऐकत नाही, ते विहिरीवर बसविण्याच्या लायकीचे नाही.